घोडनदी ते भीमा : जोडलेल्या संगणकांची वाट

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग जिल्ह्याची हद्द ओलांडण्यापूर्वी घोड नदीच्या काठावरील शिरूरला पोहोचतो. जुनी माणसे या गावाला आजही घोडनदीच म्हणतात. येथील पेठेत खातेवहीची परंपरा जुनी. अनेक दुकानांत संगणक शिरला तो मात्र १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा. तयार ब्रँडचा संगणक महाग पडे. म्हणून पुण्याहून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट आणून गावातल्याच कारागिराने तो जोडून दिला. गल्ल्याशेजारी तो अजून निमूटपणे चालतो आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. डेस्कटॉपसाठीची ही आठवी पिढी बाजारात आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे जुलैत कर लागू होताच ज्याने तत्परतेने संगणक घेतला, त्याला सातवी पिढी मिळाली. ज्याने चालढकल केली, तो तरला. कायद्याचे वेळेवर पालन करणाऱ्यास अवघ्या तीन महिन्यांनी असा दंड व्हावा, हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात न्याय्य ठरणार नाही.

शिरूरहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता न्हावरे मागे टाकून उसाच्या पट्ट्यातून भीमेकडे जातो. नदी ओलांडली की दौंड तालुका. गुऱ्हाळांचा गोड धूर, मग केडगाव चौफुला, मग सोलापूर महामार्ग. या पट्ट्यातल्या बाजारगावांतही प्रश्न तोच. ‘फॉरमॅट मारून अकरा टाकून द्या,’ ही मागणी सोपी वाटते. पेनड्राइव्ह तयार करताना तपासणी वगळण्याची युक्ती आहे आणि ती चालतेही; परंतु अशा यंत्रांना पुढील अद्यतने मिळण्याची हमी कंपनी देत नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्याला हमीविना ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगणे.

हौशी तरुणांचा मार्ग निराळा आणि अधिक चतुर आहे. ओपनकोर नावाचा प्रारंभक ॲपलच्या मॅकओएसला असे भासवतो की समोरचे जोडलेले यंत्र मॅकच आहे. यालाच हॅकिंतोश म्हणतात. प्रयोग म्हणून हे नवलाचे खरे. दुकानासाठी मात्र अयोग्यच. ॲपलचा परवाना ही प्रणाली केवळ स्वतःच्या यंत्रांपुरती देतो. फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने असे संगणक विकले तेव्हा ॲपलने २००८ मध्ये दावा लावला आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने सायस्टारविरुद्ध निर्णय दिला. शिवाय २०२५ ची मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती, असे ॲपलनेच जाहीर केले. म्हणजे ही वाटही लवकरच बुजणार.

उरते लिनक्स. मिंटसारखी आवृत्ती दोन जीबी रॅमवरही उभी राहते आणि परवान्याचे पैसे घेत नाही. आपल्या सीडॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स घडवली आहे. अडचण मात्र खरी आहे. हिशेबाचे टॅली विंडोजसाठी बनलेले आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांची वर्षानुवर्षांची कामे श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये अडकलेली. ती युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नव्या प्रणालीत सहज वापरता येत नाहीत.

दौंडला ही अडचण अगदीच अनोळखी नाही. मनमाडचा लोहमार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतो. बारामतीची गाडी मात्र पूर्वी अरुंद मापाच्या रुळांवर धावे. दोन मापांचे डबे एकमेकांच्या रुळांवर चालत नसत, म्हणून माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. पुढे तो मार्गही रुंद झाला. जोडलेल्या संगणकांच्या बाबतीतही तूर्त हमालीच करावी लागते. आधी सर्व हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे, ती डिस्क उघडून तपासायची, मगच एका यंत्रात दोन प्रणाली बसवायच्या. जुनी विंडोज केवळ टॅलीसाठी, इंटरनेटपासून तोडलेली. बँक, कराचे विवरणपत्र आणि पत्रव्यवहार लिनक्समध्ये. टॅलीतून काढलेली विवरणपत्राची फाइल दोहोंना दिसणाऱ्या कप्प्यात ठेवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करून पोर्टलवर चढवायची. महिन्याच्या ११ तारखेपूर्वी दोन वेळा यंत्र बंद-चालू करण्याचा हा त्रास, नव्या संगणकाच्या किमतीपुढे, दुकानदाराला सध्या तरी परवडतो.