नायिकेचे वडील

येथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात यंदा आम्हांस नायिकेच्या वडिलांची भूमिका देण्यात आली आहे, ही वार्ता ज्या दिवशी कानी आली, त्या दिवशी कचेरीतून घरी परतताना कानपूरचे ऊन आम्हांस विशेष झोंबले. आमचे वय छत्तीस, नायिकेचे चोवीस. म्हणजे बाराव्या वर्षीच आम्हांस कन्यारत्न झाले असले पाहिजे! हे गणित आम्ही चिटणिसांना समजावून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हांला टोप लागणार नाही. तेवढाच खर्च वाचेल.”

आम्ही नकार देऊन घरी आलो. रात्री, नेहमीप्रमाणे, महाविद्यालयात केलेल्या एकांकिकेचे जुने चित्रण काढून बसलो. चित्र हलते, आवाज फाटतो. पण त्यातील नायक ताठ उभा आहे, आणि शेवटी टाळ्या पडतात. त्या टाळ्या आम्ही किती वेळा ऐकल्या असतील, याची नोंद सुदैवाने कोणत्याही नोंदवहीत नाही.

त्या रात्री आम्हांस बार्बरा जीन ट्रेंटन आठवली. वाचकांपैकी काहींनी ‘द ट्वायलाइट झोन’ ही अमेरिकन दूरदर्शन-मालिका पाहिली असेल. तिचा ‘द सिक्स्टीन मिलिमीटर श्राइन’ हा भाग ऑक्टोबर १९५९ मध्ये प्रथम दाखविला गेला. लेखक रॉड सर्लिंग. बार्बरा झाली होती आयडा लुपिनो. बार्बरा ही एके काळची गाजलेली चित्रतारका. आता ती पडदे ओढून घेतलेल्या खोलीत प्रक्षेपक लावून पंचवीस वर्षांपूर्वीचे आपलेच चित्रपट पाहत बसते. तिचा हितचिंतक डॅनी वाइस मोठ्या खटपटीने तिला एक काम मिळवून देतो. काम आईचे निघते! बाई संतापून घरी येतात. आता या प्रसंगी आम्ही कोणाची बाजू घेतली असेल, हे सांगावयास नको.

मग डॅनी दुसरा उपाय करतो. तिचा जुना नायक जेरी हर्नडन याला तो घरी बोलावितो. दार उघडते आणि आत येतो एक वयस्क, व्यवहारी गृहस्थ. अभिनय सोडून आता शिकागोकडे वाणसामानाची मोठी दुकाने चालविणारा. बार्बरा त्याच्याकडे अशा नजरेने पाहते की जणू त्याने म्हातारे होऊन तिचा विश्वासघात केला आहे. त्याला घालवून देऊन ती पुन्हा त्या खोलीत शिरते. शेवटी खोली रिकामी सापडते. डॅनी प्रक्षेपक सुरू करतो, तो पडद्यावर तिच्याच घराचे दालन, जुने सारे सोबती तरुण, आणि त्यांच्यात ती! तो हाका मारतो. ती गळ्यातील रुमाल त्याच्या दिशेने भिरकावते, आणि फीत संपते. रुमाल त्याला बाहेर दालनात जमिनीवर पडलेला सापडतो.

हा भाग आम्ही पूर्वी पाहिला तेव्हा बाईंचा हेवा वाटला होता. मनासारखे झाले की! परंतु त्या रात्री पुन्हा लावला, तेव्हा आमचे लक्ष राहून राहून जेरीकडे गेले. तो पडद्यावर असतो तरी किती वेळ? तो स्नेहाने भेटावयास आलेला असतो, आणि त्याचा अपराध एवढाच की काळाने त्याला सोडलेले नाही. तो परत जाताना वाटेत काय विचार करीत गेला असेल, हे सर्लिंगने दाखविलेले नाही.

आम्हांस मात्र ते अंदाजाने ठाऊक असावयास हवे. गेल्या दिवाळीच्या रजेत आम्ही सांगलीस गेलो असता, त्या एकांकिकेतील आमचा सहनट भेटला. त्याचे पशुखाद्याचे दुकान आहे. तो कर्जाविषयी, मुलीच्या शाळेविषयी बोलत होता, आणि आम्ही त्याच्या चेहऱ्यात जुना चेहरा शोधीत होतो. सापडेना. आम्ही चहा अर्धा टाकून उठलो. गाडीचे निमित्त सांगितले. गाडी रात्रीची होती, आणि ते त्याला माहीत होते. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां लोकांना ही खोड जडते. आपण सोडून आलो तो गाव, ती माणसे आपल्या परतीपर्यंत जागच्या जागी उभी राहावीत, अशी आपली अपेक्षा असते.

गंमत अशी की, ही भूमिका करणारी लुपिनो स्वतः अगदी निराळी होती. त्या वेळी ती अवघी एक्केचाळीस वर्षांची होती, आणि तिशीतच दिग्दर्शनाकडे वळून तिने १९५३ साली ‘द हिच-हायकर’सारखा थरारपट काढला होता. १९६४ मध्ये याच मालिकेतील ‘द मास्क्स’ हा भाग तिने दिग्दर्शित केला. आपल्याकडे ललिता पवार मूकपटांच्या काळातील नायिका. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने त्यांच्या डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. पुढे त्यांनी असंख्य सासवा रंगविल्या, आणि १९८७ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायणा’त त्या मंथरा झाल्या. त्यांना आईचे काम देऊ केल्यावर त्या आमच्यासारख्या रुसल्या असत्या, असे वाटत नाही.

“झोपायचं नाही का?” सौभाग्यवतींनी उंबरठ्यावरून विचारले. त्या केव्हापासून तेथे उभ्या होत्या, कोण जाणे. आम्ही यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांकडे जाऊन आम्ही वडिलांची नक्कल मागून घेतली. त्यांनी आनंदाने दिली आणि जाता जाता सांगितले की, तिन्ही अंकांत धोतर आहे. धोतर आम्हांस नेसता येत नाही. महाविद्यालयाच्या नाटकांतून आम्हां सर्वांना ते नेसवावयाचा तो सांगलीचा स्नेही. संध्याकाळी त्याला दूरध्वनी केला. बराच वेळ घंटी वाजली. मग दुकानातील गलबल्यातून त्याचा आवाज आला, “बोल रे, आज गाडी नाही का?”