भावडबारीच्या उतारावर

चांदवडहून निघालेली एस. टी. भावडबारीचा घाट चढू लागली, की थंडीच्या दिवसांत खिडक्या आपोआप बंद होऊ लागतात. खिंडीला इकडे ‘बारी’ म्हणतात. बारी ओलांडली की देवळ्याचा मुलूख समोर पसरतो. कांद्याचे हिरवेगार वाफे, अधूनमधून बाभळी, आणि दूर सातमाळ्याच्या रांगेत भिंतीला खाच पडलेला धोडप. आज देवळा तालुक्याचे गाव आहे. १९६६ च्या डिसेंबरात आम्ही तिथे गेलो तेव्हा ते कळवण तालुक्यात मोडत असे. स्वतंत्र तालुका झाला तो १९९९ साली. प्रवासवर्णनात असली माहिती यायला हवी, म्हणून सांगून टाकली. माझ्यापुरते म्हणाल तर देवळा म्हटले की मला आठवतो तो रक्ताने भिजलेला एक रुमाल.

आम्ही नाशिकचे बालवीर. खाकी अर्धी चड्डी, हातात काठी, गळ्यात त्रिकोणी रुमाल. मी तेरा वर्षांचा आणि एका टोळीचा नायक. माझा धाकटा भाऊ अकराव्या वर्षात, पथकात नवा. निघताना आईने त्याचा हात माझ्या हातात दिला होता. हे मला मुळीच रुचले नव्हते. नायकाच्या मागे धाकट्या भावाचे शेपूट कशाला?

मुक्काम देवळ्यातल्या एका शाळेच्या खोलीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बारीपर्यंत पायी जाऊन टेकडी चढायची, वर डबे सोडायचे आणि परत यायचे, असा बेत. चढण सुरेख झाली. परतताना धाकट्याचे पाय दुखू लागले, तो मागे रेंगाळू लागला, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, “तुला आईजवळच ठेवायला हवे होते.”

तो काही बोलला नाही. पायवाट सोडून सरळ खडकावरून खाली निघाला. वाळलेल्या गवताखाली मुरूम होता. पाय सटकला, काठी एकीकडे उडाली आणि दोन पुरुषांइतक्या उंचीवरून तो घरंगळत खाली गेला. मी पोहोचलो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि केसांतून रक्त वाहत होते.

आमचे सर धावत आले. मी त्याला उचलायला गेलो तर त्यांनी मला अक्षरशः ढकलून दिले. “हलवू नकोस!” मग गुडघ्यावर बसून त्याला हाक मारली, मान दुखते का, बोटे हलतात का, असे एकेक विचारू लागले. पायाची बोटे हलली तेव्हा सरांनी पहिल्यांदा श्वास सोडला. स्वतःच्या गळ्यातला रुमाल घडी करून त्यांनी जखमेवर दाबून धरला. तो भिजला तसा माझा त्यावर ठेवला. टाळूच्या कातडीत रक्तवाहिन्या फार, त्यामुळे लहान जखमसुद्धा भयंकर दिसते, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र माझा भाऊ संपला, असेच मला वाटत होते.

दोन सदरे उलटे करून, बाह्यांतून काठ्या ओवून, बटणे लावून झोळी केली. वर्गात हा खेळ आम्ही हसत शिकलो होतो. सदरे काढलेली दोन पोरे त्या वाऱ्यात कुडकुडत उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता.

रस्त्यावर एक बैलगाडी मिळाली. गाडीवानाने काही न विचारता कांद्याची पोती उतरवून कडेला रचली आणि बैलांचा कडबा गाडीत पसरला. वाटेत तो मागे वळून विचारी, “पोऱ्या, तुनं नाव काय शे?” तिसऱ्यांदा विचारल्यावर गाडीतून क्षीण आवाज आला, “आधी माझी टोपी कुठाय?” त्यावर मी रडलो.

डॉक्टरांनी तीन टाके घातले. हाड मोडलेले नव्हते. “झोपू द्या,” ते म्हणाले, “पण रात्रभर दर तासाला उठवून नाव विचारा. ओकारी झाली, बरळू लागला, तर मला लगेच हाक मारा.” ती रात्र मी कांबळे पांघरून त्याच्या उशाशी काढली. पहाटे चारला नाव विचारले तर तो चिडून म्हणाला, “तुला माहीत नाही का?” इतके गोड उत्तर मी जन्मात ऐकले नाही.

घरी आईने विचारले, कसा पडलास? तो म्हणाला, “माझा मीच.” माझ्याकडे त्याने पाहिलेदेखील नाही. खरे काय ते आईला मी सांगितले, पण त्याला बारा वर्षे लागली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे म्हातारे मोटारीने तिकडून गेलो. आता डाळिंबाच्या बागा दिसतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ फिरवला की रुग्णवाहिका येते. त्या वेळी आमची सारी भिस्त दोन सदऱ्यांवर आणि एका बैलजोडीवर होती. बारीत गाडी थांबवून तो खडक शोधला, सापडला नाही. धाकट्याने टोपी काढून टाळूवरची खूण चाचपली आणि एकाएकी विचारले, “दादा, त्या माणसाची पोती रस्त्यावरच राहिली होती ना रे? त्याला परत मिळाली असतील का?”

इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचले नव्हते.