नावावर नसलेली गाडी

तुमच्या दारात चारचाकी उभी असेल, तर एक काम करा. तिचं आर. सी. बुक काढा (आता त्याचं कार्ड झालंय, पण आपल्या तोंडी अजून बुकच आहे) आणि मालकाच्या जागी नाव कुणाचं आहे ते वाचा. यजमानांचं असेल, तुमचं असेल, कर्जाची गाडी असेल तर बँकेचा शेरा असेल. पण अलीकडे कितीतरी घरांत तिथे घरातल्या कुणाचंच नाव नसतं. एखाद्या लीझिंग कंपनीचं नाव असतं. आमच्या गाडीचंही तसंच होतं.

लीझ म्हणजे आपल्या भाषेत भाडेपट्टा. नोकरी जिथे असते ती कंपनी लीझिंग कंपनीकडून गाडी घेते, आपल्या माणसाला वापरायला देते आणि दर महिन्याला पगारातून हप्ता कापते. आयकरात थोडी सवलत मिळू शकते, सुरुवातीला मोठी रक्कम घालावी लागत नाही, म्हणून लोक घेतात. मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची. ती संपली की गाडी परत द्यायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरून आपल्या नावावर करून घ्यायची. त्यात वाईट काहीच नाही. आम्ही नाशिकची हिशेबी मंडळी, आम्हीही घेतली.

पण मैत्रिणींनो, गाडी नावावर नसली की मनात एक विचार हळूच शिरतो : "परतच तर द्यायची आहे!" भाड्याच्या घरातला नळ गळत असला की आपण म्हणतो ना, 'मालक बघेल', त्यातलाच हा प्रकार.

आमच्या घरी हा विचार शिरला तो तिसऱ्या वर्षी. मुदत मार्चमध्ये संपणार होती. ऑगस्टमध्ये सर्व्हिस सेंटरचा फोन आला, की वर्षाचं सर्व्हिसिंग करायची तारीख झाली. ब्रेक ऑइल बदलायचं धरून खर्चाचा अंदाज सांगितला साडेनऊ हजार. संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी सरळ हिशेब मांडला. "अगं, सात महिने तर राहिले. गाडी सुतासारखी चालते आहे. साडेनऊ हजार दुसऱ्याच्या गाडीत कशाला घालायचे? तेवढ्यात धाकटीच्या क्लासचा हप्ता भागेल."

हिशेब खोटा नव्हता. आमच्यासारख्या घरात साडेनऊ हजार म्हणजे काही सुपारीएवढी रक्कम नव्हे. मी एवढंच म्हटलं, "अहो, गाडी दुसऱ्याची असेल, पण हे सात महिने तिच्यात बसणार कोण?"

बसणार होतो आम्हीच. सासूबाईंना दर दोन महिन्यांनी ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. समृद्धी महामार्ग झाला, तरी आम्ही अजून जुन्याच रस्त्याने जातो, कारण वाटेत शहापूरला माझं माहेर. म्हणजे इगतपुरी सोडलं की कसारा घाट आलाच. उतारावर पुढे मालट्रकांची रांग, आणि पाय सारखा ब्रेकवर.

ह्या ब्रेक ऑइलची गोष्ट जरा समजून घ्या, कारण ती मला ठाऊक नसती तर मीही 'जाऊ दे' म्हटलं असतं. आपण पायाने दाबतो तो जोर चाकापर्यंत पोचवतं ते हे ऑइल. त्याचा गुण असा, की पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटावं तसं ते हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं. बऱ्याच गाड्यांत जे डॉट ४ जातीचं ऑइल घालतात, ते नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून चाकाजवळचे भाग भलतेच तापतात. तिथे ऑइल उकळलं तर त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. गावातल्या गावात हे कधी कळायचंच नाही. कळतं ते नेमकं घाटात. म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं असतं. आमचं तीन वर्षांचं होत आलं होतं.

ह्यांचा दुसरा मुद्दा होता, "गाडी चालतेच कुठे? वर्षात सहा हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत." हा मुद्दा तुमच्याही घरात निघेल, म्हणून सांगते. पुस्तिकेत बहुधा असं लिहिलेलं असतं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, ह्यांपैकी जे आधी येईल ते. आपण किलोमीटर वाचतो आणि 'जे आधी येईल ते' सोडून देतो. उलट, शाळा, मंडई, देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी इंजिन पुरतं तापतच नाही. त्यातला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्ये उतरतं. बॅटरीही पुरती भरत नाही. गाडी कमी चालली म्हणजे ऑइल नवं राहिलं, असं होत नाही.

माझ्या आजीकडे पितळेची पातेली होती. कल्हईवाला आला की ती सगळी बाहेर काढायची. शेजारणी म्हणत, "अहो, अजून लख्ख दिसताहेत की!" आजी म्हणे, "बाहेरून लख्ख आहे गं, ताक ठेवलं की कळेल." आतली कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, आणि ते पोटात गेल्यावरच समजतं. सुतासारखी चालणारी गाडी म्हणजे बाहेरून लख्ख पातेलं.

आणि हे नुसतं शहाणपण सांगत नाही, आमच्याच घरात घडलेलं आहे. माझे धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांचीही गाडी कंपनीच्या लीझवरची, चार वर्षांच्या मुदतीची. पहिल्या वर्षीचं सर्व्हिसिंग झालं. दुसऱ्या वर्षी 'पुढच्या महिन्यात बघू' झालं. तिसऱ्या वर्षी भावोजींचं बरंचसं काम घरूनच चालायचं, त्यामुळे 'गाडी उभीच तर असते' झालं. तिसरं वर्ष संपायला दोन महिने असताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. घर जवळ आलंय म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. (हा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं असतं, हे आपण चालवत नसलो तरी आपल्याला ठाऊक हवं.) ऑइलचा चिखल होऊन जाळी तुंबली होती, आणि ऑइलवाचून इंजिनाचे आतले भाग घासले गेले होते.

वॉरंटी तीन वर्षांची होती, म्हणजे अजून चालू होती. पण सर्व्हिसिंगची नोंद एकच. 'वेळापत्रक पाळलेलं नाही' म्हणून दावा नाकारला गेला. लीझिंग कंपनीने करारातलं कलम दाखवलं, की देखभाल वापरणाऱ्याने करायची. बिल झालं सव्वा लाखाचं. नोकरी असलेली कंपनी म्हणाली, तुमचं तुम्ही बघा.

आता हे सव्वा लाख कुठून आले असतील, सांगा बरं? माझी जाऊ दोन वर्षं भिशी लावून बी.एड.च्या फीसाठी पैसे साठवत होती. ते गेले आधी, आणि उरलेल्यासाठी भावोजींनी कर्ज काढलं. तिचा प्रवेश एक वर्ष मागे गेला. फोनवर मला म्हणाली, "वहिनी, गाडी माझ्या नावावर नाही, ह्यांच्या नावावर नाही, मग बिल तेवढं माझ्या नावावर कसं हो आलं?" मला उत्तर देता आलं नाही. घरावर मोठा खर्च येऊन पडला की 'सध्या थांबवता येईल' अशा यादीत पहिलं नाव बाईच्या शिक्षणाचं, बाईच्या दुखण्याचं असतं. हे तुम्हीही पाहिलं असेल.

दुसऱ्याच्या वस्तूबद्दल आपला कायदा काय म्हणतो, तेही सांगते. १८७२ सालच्या करार कायद्याचं १५१वं कलम आहे. सांभाळायला किंवा वापरायला घेतलेल्या दुसऱ्याच्या वस्तूची, साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, असा त्याचा अर्थ. आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १९०वं कलम सांगतं, की साध्या काळजीने लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी जो रस्त्यावर चालवतो किंवा चालवू देतो, तो गुन्हेगार. गाडी कुणाच्या नावावर आहे एवढ्यावर ते थांबत नाही. मागून आणलेलं भांडं घासूनपुसून, शक्यतो रिकामं न ठेवता परत द्यावं, हे आपल्याला कायद्याने शिकवायला नको होतं म्हणा!

पुण्याचा आकडा ह्यांनाही ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच फोन करून वेळ घेतली. ब्रेक ऑइल काळपट निघालं, पुढचे ब्रेक पॅड पुष्कळ झिजलेले निघाले. धाकटीच्या क्लासचा हप्ता आम्ही दोन भागांत भरला. मार्चमध्ये गाडी परत गेली, तेव्हा तपासणाऱ्या माणसाने बॅटरी लावून कोपरा न् कोपरा पाहिला. डाव्या दारावर स्कूटरचा ओरखडा होता, तेवढे पैसे कापले. बाकी काही नाही. हे अजून म्हणतात, की नव्या ब्रेक पॅडचा फायदा कुणातरी परक्याला झाला. झाला तर झाला. त्यांच्याही घरची म्हातारी माणसं, मुलं मागच्या सीटवर बसणारच आहेत.

तेव्हा तुमच्या घरी लीझची गाडी असेल, तर आधी करार वाचायला मागा. लीझ दोन तऱ्हांचं असतं. एकात देखभाल हप्त्यातच धरलेली असते. म्हणजे त्या सर्व्हिसिंगचे पैसे तुम्ही आधीच भरताय, न करून उलट तुमचाच तोटा. दुसऱ्यात देखभाल तुमच्या खर्चाने. सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरमध्येच करायचं की बाहेर चालेल, परत देताना काय काय तपासणार, नोकरी मध्येच सोडली तर काय, हे सगळं त्यात असतं. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा.

पैशांची ओढ असेल तर सर्व्हिसिंग टाळू नका, पण जादा कामं मात्र जरूर टाळा. पुस्तिकेत त्या टप्प्याला काय लिहिलंय तेवढंच करा म्हणावं. पॉलिश, कोटिंग, सुगंधी फवारे ह्यांची यादी काउंटरवर पुढे सरकवतात, त्यातलं पुष्कळसं नसलं तरी चालतं. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या, बदललेले जुने भाग दाखवायला सांगा. आणि 'फुकट सर्व्हिसिंग' म्हणजे बहुधा मजुरी फुकट; ऑइल-फिल्टरचे पैसे पडतातच, तेवढे बाजूला काढून ठेवा. पाच-सात दिवस इकडेतिकडे झाले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण 'पुढच्या महिन्यात' नावाचा महिना कुठल्याच पंचांगात नसतो, हे लक्षात असू द्या.

प्रत्येक बिल एका फायलीत लावा. परत देताना, विकत घेताना, वॉरंटी मागताना हाच कागद बोलतो. टायर तुम्ही स्वतः बघू शकता : खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. मग टायर बदलायचाच.

सिलिंडर कधी लावला, बाळाची लस कधी, विजेचं बिल कधी, हे सगळं आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितोच ना? त्यातच गाडीची तारीखही लिहा, आणि आठ दिवस आधी आठवण करून द्या. गाडी चालवता येवो न येवो, एवढं आपल्या हातातलं आहे. आणि भिशीचे पैसे ज्या कामासाठी साठवलेत, त्याच कामाला लागू देत.