सपाटीवरचा बालेकिल्ला

दिवाळीला सामरवरणीत आमच्या दारापुढे मातीचा किल्ला होतो. माती शेजारच्या गुजराती घरातली मुले आणतात, अळीव आमच्या घरचे, आखणी नातवाची. त्याचा बालेकिल्ला नेहमी सर्वांत उंच. गेल्या साली किल्ला मोडताना तो म्हणाला, "आजोबा, खराखुरा बालेकिल्ला कधी दाखवणार?"

जवळचा म्हणाल तर दमणचा कोट आहे. पण मला त्याला मराठ्यांनी जिंकलेला किल्ला दाखवायचा होता. म्हणून मे महिन्याच्या सुटीत वापीहून गाडी धरली, विरारला लोकल बदलली आणि वसई गाठली.

कोटात शिरताच पोर डोंगर शोधू लागले. तिथे डोंगर कुठला! लांबलचक तट, ताडाची झाडे, छपरे उडालेली चर्चे आणि मधोमध, सपाटीवर, बालेकिल्ला. पोर्तुगीजांनी आधी हा एवढाच कोट १५३६ च्या सुमारास बांधला. शहर आणि बाहेरचा तट भोवती नंतर वाढला. राजगडाचा बालेकिल्ला उंचीने राखला, हा खाडीने आणि दगडाने. नातवाने नाराजीने कमानीखालून एक फेरी मारली. "आमचा उंच होता," म्हणाला.

मग मी १७३९ सांगायला घेतले. हा माझा आवडता भाग. चिमाजीअप्पांचा वेढा, सुरुंगांनी फोडलेले बुरूज, भगदाडांत पडलेले मावळे, आणि शेवटी मे महिन्यात शरण आलेले फिरंगी. माझा आवाज जरा चढला असावा, कारण पलीकडे डबा खात बसलेले एक कुटुंब वळून पाहू लागले.

"म्हणजे पोर्तुगीज गेले?"

"गेले."

"मग आपल्या सेलवासला १९५४ पर्यंत कसे होते?"

दोन ऑगस्टचा मुक्तिदिन त्याला शाळेमुळे पाठ. मी एका चिऱ्यावर बसलो. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेलीचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना लावून दिला. त्यांच्या एका जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून. १७८३ मध्ये गावे त्यांच्याकडे गेली, दोन वर्षांनी दादराही.

"पेशव्यांनी? चिमाजीअप्पांच्या घरच्यांनीच?"

खरे सांगायचे तर शेजाऱ्यांना मी आजवर वसई पुष्कळदा ऐकवली, १७७९ एकदाही नाही. मी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आधार घेतला. पोर्तुगालने भारतावर भरलेल्या खटल्यात १९६० साली त्या न्यायालयाने म्हटले होते की मराठ्यांनी दिला तो केवळ वसूल, सार्वभौमत्व नव्हे.

"पण राहिले तेच ना?"

राहिले. पावणेदोनशे वर्षे. गडकोटांचे वेड लावणारे बाबासाहेब पुरंदरे १९५४ च्या लढ्यात होते, हे सांगितल्यावर तो थोडा खुलला. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये याच वसईत इंग्रजांशी केलेला तह सांगण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. परतीच्या गाडीत तो झोपला, मी जागा होतो.

यंदा किल्ला सपाटीवर आहे. निळ्या रांगोळीची खाडी, मधोमध बालेकिल्ला. परवा तो शेजारच्या मुलांना गुजरातीत वसईचा वेढा सांगत होता. मी ओट्यावर अळीव भिजवत ऐकत होतो. वेढा संपल्यावर तो थांबेल असे वाटले. त्याने १७७९ ही सांगितले.