चौदा काठ्या

निवृत्तीनंतर हौसेने गोल्फ शिकू लागलो आणि पहिली चूक दुकानातच केली. हाती आलेल्या पैशांतून नवा ड्रायव्हर घेतला आणि बेगमला किंमत निम्मीच सांगितली. तिला पावती सापडली. आठवडाभर घरात जेवण होते, बोलणे नव्हते.

ड्रायव्हरने चेंडू लांब जाई, पण उजवीकडच्या झाडीत. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. मी १४च बाळगायचो, कामाला यायच्या जेमतेम सहा. जुना अर्धा सेट पुरला असता. फक्त काठीची लांबी अन् मूठ आपल्याला बसायला हवी. हे कुणी सांगितले नाही, की मीच विचारले नाही?

पार ७२च्या मैदानावर ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ हिरवळीवर, १०८ मिलिमीटरच्या भोकाभोवती. आणि आम्ही हौशी लोक सरावाची अख्खी बादली ड्रायव्हरने रिकामी करतो! दोनशे यार्डांचा फटका लोक बघतात. हातभर अंतरावरून चुकलेला पटही एकच मोजला जातो.

१९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. त्याचे नाव निघाले की मला माझी पावती आठवते.

आता फजरनंतर दिवाणखान्यातल्या सतरंजीवर वाटी आडवी ठेवून पन्नास पट मारतो. चेंडू वाटीवर आपटला की आतून आवाज येतो, "ती वाटी तरी घरातलीच आहे ना?"