पिवळे वादळ : सायक्लोन मोटारसायकलची कथा

१/ २०२५ साल. लास वेगासच्या लिलावात १९१५ सालची एक शर्यतीची मोटारसायकल १३ लाख २० हजार डॉलरना विकली गेली. तिला ब्रेक नाहीत. ती घडवणारी कंपनी जेमतेम काही वर्षे टिकली. तिचे नाव सायक्लोन.

२/ मिनेसोटातील सेंट पॉल शहरात, जोर्न्स कंपनीसाठी अँड्र्यू स्ट्रँड याने तिचे इंजिन रचले. तेव्हाच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट तळाशी असे आणि लांब दांड्या झडपा हलवत. स्ट्रँडने तो सिलिंडरच्या माथ्यावर नेला. हलणाऱ्या भागांचे वजन घटले, इंजिनाची गती वाढली. पुढे हीच रचना जगभर रूढ झाली.

३/ या वेगाला मैदान मिळाले ते लाकडी धावपट्ट्यांचे. फळ्या ठोकून उभारलेली, भिंतीसारखी कललेली वर्तुळे. त्यांवर इंजिनांतून गळलेले तेल, आणि स्वाराच्या डोक्यावर फार तर चामड्याची टोपी.

४/ ८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यू जर्सीतील नेवार्क येथे एडी हाशा याची गाडी भरवेगात कठड्यावर आदळली. हाशा गेला, आणखी एक स्वार गेला. कठड्याशी उभे असलेले प्रेक्षकही गेले, त्यांत मुले होती. वृत्तपत्रे अशा मैदानांना ‘मर्डरड्रोम’ म्हणू लागली.

५/ तरी गर्दी ओसरली नाही. सायक्लोन अवतरली ती या अपघातानंतर, त्याच गर्दीसमोर. १९१४ मध्ये ओमाहा येथे तिने ताशी १११ मैलांचा वेग गाठल्याचे जाहीर झाले. अधिकृत मान्यता मात्र मिळाली नाही.

६/ छोट्या शर्यतींत ही पिवळी गाडी सर्वांपुढे असे. लांब पल्ल्यात तिचे इंजिन दगा देई. इंडियन आणि हार्ले-डेव्हिडसन यांच्याकडे पैसा होता, विक्रेत्यांचे जाळे होते. सेंट पॉलकडे केवळ एक उत्तम कल्पना होती. उत्पादन थांबले.

७/ आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सायक्लोन उरल्या आहेत. आपण जिला दुर्मीळ म्हणतो, ती मुळात फारशी खपलीच नव्हती. लिलावातला हातोडा त्या अपयशाची किंमत ठरवतो. नेवार्कच्या कठड्याशी उभ्या असलेल्या मुलांचा हिशेब त्या आकड्यात कुठेच येत नाही. तो ठेवण्याचे काम इतिहासाचे आहे.