पापडीच्या शेतातील घंट्या

सुरत म्हटली की मराठी मनास १६६४ साल आठवते. आम्ही मात्र गेलो ते तेथील एक उपनगर पाहावयास. कतारगाम हे पूर्वी पापडीसाठी ख्यात. उंधियूत कतारगामचीच पापडी हवी, हा सुरतकरांचा आग्रह अद्याप कायम आहे. ती शेते आता बहुतांशी इमारतींखाली गेली असून, त्यांत हिरे घासण्याच्या घंट्या फिरत असतात.

एका लहानशा कारखान्याचा जिना आम्ही चढलो. घंटीभोवती बसलेले रत्नकलाकार खडा भिंगातून तपाशीत व पुन्हा चाकावर धरीत. मालक भावनगरकडचे, एके काळी तेही असेच घंटीवर बसलेले.

हे कसे घडले? कच्चा हिरा येतो परदेशातून. परकीय चलनाची टंचाई होती तेव्हा सरकारने आयातीस कुंपण घातले. परंतु पैलू पाडून निर्यात करणाऱ्यास त्या प्रमाणात कच्चा माल आणण्याचा परवाना मिळे. त्या एका वाटेने मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल सुरतेच्या घंट्यांवर आला आणि सौराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले आधी कारागीर व पुढे कारखानदार झाली. सरकारने उद्योजक घडविले असे नव्हे. दार किलकिले केले, आत शिरण्याचे धाडस त्यांचे.

तेच दार लागतेही. लहान कारखानदार व्यापाऱ्याचा हिरा मजुरीने घासून देतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा या मजुरीवर पाच टक्के कर बसला. २०१८ च्या जानेवारीत पैलू पाडलेल्या हिऱ्यावरील कर पाव टक्क्यावर आला, मजुरीवरील तसाच राहिला. देशात माल विकणाऱ्याचे पैसे त्या फरकात अडकत. २०१९ च्या ऑक्टोबरात मजुरीवरील कर दीड टक्क्यावर आला. तोवरची दोन वर्षे बड्यांनी निभावली, लहानांस ती फार लांब वाटली. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांवर नेला. निर्णय वॉशिंग्टनचा, काळजी कतारगामची!

मालकांच्या चिरंजिवांस आणखी दोन घंट्या मांडावयाच्या आहेत. वडील म्हणतात, थांब. त्यांस सवलत नको. आजचा नियम पुढील दिवाळीसही असेल, एवढाच भरवसा हवा.

परतताना आम्ही पापडी घेतली. ती पिकविणाऱ्यास निदान हंगाम ठाऊक असतो. धोरणाचे पंचांग मात्र कोणी छापीत नाही.